गळक्या लाइनीचे लाभार्थी

वागळे इस्टेटात पाणी जमिनीखालून येतं, हा समज फक्त नकाशे काढणाऱ्यांचा. किसननगरच्या कुठल्याही गल्लीत शिरा; गटाराच्या कडेने, भिंतीच्या पायथ्याशी पंधरा-वीस पाइपांची मोळी चाललेली दिसेल. अर्धा इंची, पाऊण इंची, काही जीआयचे, काही पीव्हीसीचे, मधेच एखादा काळा. मोळीतला प्रत्येक पाइप एकेका घराचा. कुठला कोणाचा हे मालकाला सांगता येत नाही. शेजारणीला मात्र बरोबर माहीत असतं, कारण आपलं पाणी त्याच्यामुळेच कमी येतं अशी तिची खात्री असते.

या मोळीला ठिकठिकाणी पट्ट्या बांधलेल्या असतात. त्यात सायकलची ट्यूब सर्वांत भरवशाची. सायकली गेल्या, त्यांच्या जागी स्कूटर आल्या, पण ट्यूब टिकून आहे. ट्यूबवर सुतळी, सुतळीवर बाइंडिंग वायर, वायरवर एम-सील आणि या सगळ्यावर एक प्लॅस्टिकची पिशवी. पिशवी कशासाठी, ते कोणी सांगत नाही. बहुधा पाणी लागू नये म्हणून.

आता हे कुठे चाललंय ते लक्षात घ्या. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, म्हणजे एमआयडीसीचा, जन्म १ ऑगस्ट १९६२ चा आणि बारशाचा समारंभ झाला तो याच वागळे इस्टेटात. इथल्या रस्त्यांना नावांऐवजी नंबर मिळाले आणि नंबरांच्या आत लेथ, मिलिंग, ड्रिलिंग यांची दुनिया उभी राहिली. या वस्तीत तुम्हाला असा टर्नर भेटेल, जो लेथवर केसाच्या जाडीइतका फरक खपवून घेत नाही. जॉब हातात घेतला की बोटानेच माप सांगतो. तोच माणूस शिफ्ट संपवून घरी येतो, बनियनवर बसतो आणि नळाच्या जॉइंटवर ट्यूबची पट्टी गुंडाळतो. कंपनीत झीरो लिकेज, घरी सुतळी. विचारलं तर म्हणतो, “ते कामाचं होतं हो. हे आपलं घरचं.”

बरं, ठाण्याला पाणी कुठून येतं? महापालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम प्राधिकरणाचं पाणी आहे, मुंबई महापालिकेकडून काही घेतात, एमआयडीसीकडून काही घेतात. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आम्ही चार घरचे पाहुणे आहोत. एका घरी शटडाऊन झाला की पाण्याविना आम्ही, आणि शटडाऊन कुठल्या घरचा ते कळेपर्यंत पाणी आलेलं असतं, पहाटे पावणेचारला, सगळे झोपलेले असताना.

गळती दुरुस्त का होत नाही याचं कारण लोक पालिकेत शोधतात, तंत्रज्ञानात शोधतात, कलियुगात शोधतात. मला ते लाभार्थ्यांच्या यादीत सापडतं. आमच्या कोपऱ्यावर एक जॉइंट गळतो. त्याच्याखाली कोणीतरी अळू लावलंय. पानं इतकी रुंद आहेत की गणपतीत अर्ध्या गल्लीचं फदफदं तिथून निघतं. अळूच्या पलीकडे जे डबकं साठतं त्यात सकाळी कावळे आंघोळ करतात, दुपारी कुत्रं पोट टेकून पडतं आणि संध्याकाळी रिक्षावाले फडकं बुडवून काच पुसतात. वडापावच्या गाडीवरचा पोऱ्या तिथेच ताटल्या विसळतो, हे मी पाहिलेलं आहे आणि तरीही तिथे वडापाव खातो. मध्यंतरी कोणीतरी तक्रार केली, माणूस आला, त्याने जॉइंट बदलला. दुसऱ्या दिवशी चार-पाच जण नगरसेवकाच्या कार्यालयात हजर. तक्रार काय? तर, “आमच्या कोपऱ्यावरचं पाणी बंद झालंय.”

खरं तर गळती ही गमतीची गोष्ट नाही. सेकंदाला एक थेंब गळणारा जॉइंट घ्या. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटर होतात. दूध असतं तर याच्यावर रतीब लावला असता. पण थेंबाला आपण घाबरतो आणि चिळकांडीकडे कौतुकाने बघतो, ही माणसाची मोठी खोड. काडेपेटीच्या काडीएवढं, म्हणजे साधारण दोन मिलिमीटरचं भोक असेल आणि लाइनीत एक किलोचा दाब असेल, तर त्या भोकातून चोवीस तासांत सव्वादोन हजार लिटर पाणी जातं. सरकारी निकष शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर देतो. म्हणजे त्या काडीएवढ्या भोकातून सोळा-सतरा नागरिक वाहून जातात. निकषात आणखी एक वाक्य आहे: पाणी चोवीस तास असावं. ते आम्ही विनोदी साहित्य म्हणून वाचतो.

चोवीस तास नसण्यातच खरी मेख आहे, आणि इथे जरा हसणं थांबवतो. लाइन भरलेली असते तेव्हा पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं, लाइन रिकामी होऊ लागली, की तेच भोक आत ओढायला लागतं. मोळी कशाच्या कडेने चाललेली आहे ते वर सांगितलंच. पावसाळ्यात गल्लीत कावीळ आणि जुलाब का फिरतात, याचं उत्तर त्या ट्यूबच्या पट्टीखाली असतं. पाणी आल्यावर पहिली बादली ओतून द्यायची, हे आमच्याकडे कुठल्या आरोग्य अधिकाऱ्याने शिकवलेलं नाही. सासूने शिकवलंय.

असो. हे सगळं ज्ञान आम्हा वागळेकरांकडे पडून होतं. त्याला गिऱ्हाईक मिळालं ते मुरबाडहून.

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, मुरबाड तालुक्यात गुरं पाळतात. माळशेज घाटाच्या अलीकडचा मुलूख. पावसाळ्यात इतकं पाणी की घरात बेडूक पाहुणे, आणि मार्च उजाडला की विहिरीचा तळ दिसायला लागतो. म्हशी आणि थोडे बैल. बैलांपैकी एक जोडी म्हसा गावच्या पौषातल्या जत्रेत घेतलेली, तिची किंमत ते अजून सांगत नाहीत, ताईसमोर तर नाहीच. गुरं चरतात ती घरापासून लांब, वरकस माळावर. पाणी खाली विहिरीवर. दिवसातून दोनदा गुरं खाली आणायची, पाणी पाजायचं, परत वर न्यायची. या येण्याजाण्यात गुरांनी खाल्लेला चारा तिथेच खर्च होतो आणि दूध वाटेतच आटतं, असं भावोजींचं गणित. म्हणून त्यांनी विहिरीवरून माळापर्यंत चारशे मीटर काळा एचडीपीई पाइप टाकला, वर हौद बांधला, हौदाला बॉल कॉक बसवला. पाइप जमिनीवरूनच, कारण खाली कातळ. कातळ फोडायला जो खर्च सांगितला गेला त्यात आणखी एक जोडी आली असती.

पहिल्या उन्हाळ्यातच लाइन गळायला लागली. एक जॉइंट बांधला की दुसरा सुटायचा. भावोजींनी पाइपाचा एक तुकडा, दोन फुटकी सॉकेटं आणि चेंगरलेला बॉल कॉक पिशवीत घातला आणि एसटीने कल्याण, तिथून लोकल, ठाणे आणि रिक्षा असा प्रवास करून आमच्या दारात. “भाऊ, तुमच्या वागळ्यात सगळं मिळतं म्हणतात. न गळणारी लाइन मिळते का बघा.”

संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानापुढे सभा भरली. आमच्याकडे दुकानापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला सल्ला मागावा लागत नाही. तो सल्ला टाळणं जास्त अवघड.

शेठने सॉकेट हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, “क्लॅम्प डबल लावा. जॉइंटला दोन. नाही, चारच घ्या.” शेठचा कुठलाही सल्ला नगावर संपतो.

शेजारचे फिटर काका, सगळी नोकरी इथल्याच कारखान्यात पान्याबरोबर काढलेली. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. “आवळलं नाही नीट.” काकांच्या मते जगातल्या सगळ्या अडचणी न आवळल्यामुळे होतात, यात त्यांच्या मुलाची डिग्रीही येते. पण सॉकेट उलटं करून पाहिल्यावर ते स्वतःच गप्प झाले. सॉकेट उभं चिरलेलं होतं. गावातल्या प्लंबरने प्लॅस्टिकच्या आट्यांवर धागा आणि सफेदा भरभरून चढवला होता आणि मोठ्या पान्याने आवळला होता. लोखंडी आट्यांना ती खातिरदारी चालते. प्लॅस्टिकला टेफ्लॉनचे चार वेढे, तेही आटे ज्या दिशेने बसतात त्याच दिशेने, हाताने घट्ट आणि मग पान्याचा जेमतेम अर्धा फेरा. त्यापुढचा फेरा हा सॉकेटच्या मुळावर येतो. काकांनी हे सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “म्हणजे आवळायचं, पण नीट.” हरले नाहीत.

टेफ्लॉन कुठल्या दिशेने गुंडाळायचा यावर मग जो वाद पेटला तो मी गाळतो. त्यात दोन जणांचं बोलणं बंद झालं, ते अजून बंद आहे.

प्लंबर म्हणाला, “सगळी लाइन बदला.” प्लंबर नेहमी हेच म्हणतो. डॉक्टर काय, मेकॅनिक काय, प्लंबर काय, दुसऱ्याने केलेलं काम दाखवलं की यांचा चेहरा एकसारखाच पडतो.

खरी गोष्ट सांगितली ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी. हे गृहस्थ दळण आणायला निघाले होते. डबा खाली ठेवून त्यांनी विचारलं, “पाइप टाकताना सरळ टाकला का?”

भावोजींची छाती फुगली. “दोरी लावून! चारशे मीटर, एक वाक नाही. ओढून ताणून.”

“तिथेच मेलं.”

काळ्या पाइपाचं असं असतं की तापमान एक अंशाने वाढलं की दर मीटरमागे तो साधारण एक पंचमांश मिलिमीटर लांब होतो. ऐकायला काहीच नाही. पण मुरबाडच्या माळावर, कातळावर, एप्रिलच्या दुपारी तो पाइप हात लावू देत नाही. पहाटे गार असतो. तीस अंशांचा फरक धरा. चारशे मीटरला किती झाले? दोन मीटर आणि चाळीस सेंटिमीटर. भावोजींची लाइन रोज दुपारी आठ फूट लांब होत होती आणि रोज पहाटे आठ फूट आखडत होती. दोरी लावून ताणलेली असल्यामुळे आखडायला जागा नव्हती. मग ती जॉइंटमधून बाहेर येत होती. पोलादाचा पाइप तेवढ्याच उन्हात याच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाएवढाच वाढतो, तरी मोठ्या पोलादी लाइनींना ठरावीक अंतरावर एक्स्पान्शन जॉइंट ठेवतात, पाइप खुर्चीवर बसवतात आणि त्याला सरकायला मोकळीक देतात. इथे प्लॅस्टिकला ती दिली नव्हती.

“नागमोडी टाका,” इंजिनिअर म्हणाले. “सैल. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की दारू पिऊन टाकलाय.”

भावोजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या गावातली एक लाइन अशीच आहे. टाकणारा खरंच प्यायलेला होता. ती कधी गळली नाही. आम्ही त्याला हसायचो.”

एवढ्यात चावीवाला आला. वागळे इस्टेटात नगरसेवक ओळखत नसलात तरी चालतं. चावीवाला ओळखावा लागतो. लोखंडी टी-आकाराची लांब चावी खांद्यावर टाकून तो संध्याकाळी निघाला की बायका खिडकीतून त्याची चाल बघून आज पाणी कसं येणार ते सांगतात. त्याने पिशवीतलं काहीही न बघता निदान केलं: “पाइप नाही गळत. प्रेशर गळतंय.”

हा माणूस दहावी नापास आहे आणि त्याचं बरोबर आहे. भोक तेच ठेवून दाब चौथाई केला, तर गळती निम्म्यावर येते. भावोजींचा पंप विहिरीतून थेट हौदापर्यंत ढकलत होता. तीस मीटरचा चढ, म्हणजे खालच्या टोकाला तीन किलोचा दाब नुसता उभ्या पाण्याचा. त्यात वीज गेली की पंप बंद, वर चढणारं पाणी मागे फिरून फुट वॉल्व्हवर आपटायचं. वीज आली की पुन्हा धडक, मधे अडकलेली हवा लाइनभर गुरगुरत जायची. वीज जात-येत होती आणि लाइन मार खात होती. चावीवाल्याचा उपाय असा: वर माळाच्या डोक्यावर टाकी बसवा, पंपाने फक्त टाकी भरा, टाकीतून हौदांना पाणी आपसूक उतरू द्या. हौदाच्या बाजूची लाइन मग जेमतेम दोन-चार मीटरच्या दाबावर चालेल. त्या दाबाला साधा जॉइंटही धरून राहतो. उंचवट्यावर एअर वॉल्व्ह ठेवा. कॉक उघडताना आणि बंद करताना घाई करू नका. “मी बघा कशी सावकाश फिरवतो,” तो म्हणाला. आम्हाला आजवर वाटायचं तो मुद्दाम छळतो.

यादी तयार झाली. शेठने बिलात आठ क्लॅम्प घातलेच.

पुढे मी मुरबाडला गेलो तो लाइन बघायला कमी आणि ताईच्या हातचं खायला जास्त. वाटेत भिवंडीच्या बाजूने मुंबईला जाणारे ते अजस्र पाइप दिसतात, ज्यांच्यातून माणूस ताठ चालत जाईल. तानसा धरण १८९२ चं. तेव्हापासून या जिल्ह्याचं पाणी जमिनीवरून, रुळांच्या आणि रस्त्यांच्या कडेने, खाडी ओलांडून, ठाण्याला वळसा देऊन मुलुंडकडे चाललंय. त्या पाइपांच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर जागा मोकळी ठेवा, असा उच्च न्यायालयाचा आदेश आहे. आमच्या मोळीला दहा सेंटिमीटरही मिळत नाहीत, पण आमचे पाइप तक्रार करत नाहीत. त्या मोठ्या लाइनीवर एखादा एअर वॉल्व्ह फसफसत असतो, खाली हिरवंगार गवत, आणि गवतात गुरं. शहापूर तालुक्यात तानसा, भातसा, वैतरणा अशी नावं घेत गेलात तर निम्मी मुंबई तिथेच पाणी पिते असं वाटेल. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. डोक्यावर हंडा घेऊन पाइपाच्या कडेने चालत जाणारी बाई मी पाहिली. पाइप तिच्याहून उंच होता. यावर विनोद सुचत नाही.

माळावर पोहोचलो. लाइन आता खरोखर झिंगल्यासारखी पडलेली होती. जोड कमी केले होते, कारण गळती जोडातच राहते. सलग गुंडाळीचा पाइप घेतला की निम्मे प्रश्न दुकानातच राहतात. जिथे जोड अटळ होते तिथे पाइप काटकोनात कापून, कड घासून, किती आत जायला हवा त्याची खूण करून, ओ-रिंगला साबणाचं पाणी लावून खुणेपर्यंत ढकललेला. आधीचा उपाय म्हणजे पाइपाचं तोंड चुलीवर मऊ करून आत कोंबायचं आणि वरून तार पिळायची. ती तारच पुढे पाइप कापते. शंभर-शंभर मीटरवर कॉक होते, म्हणजे गळती सापडेपर्यंत सगळा माळ कोरडा पडणार नाही. बैलगाडीच्या वाटेखालून पाइप एका मोठ्या लोखंडी पाइपातून नेला होता. बाकी लाइन कुंपणाच्या बाहेरून, गुरांच्या खुरांपासून लांब. दोन्ही अंगांना जाळरेषा, कारण वणवा आला की काळा पाइप वात लावल्यागत जळत जातो. रात्री टाकीतलं पाणी कुठवर आहे तिथे खडूने रेघ मारायची, खालचे कॉक बंद ठेवायचे आणि पहाटे रेघ बघायची, ही तपासणी ताईकडे. आमच्या गल्लीत ही तपासणी शक्य नाही. आमची लाइन रात्री भरलेली कधी असते?

राहिल्या म्हशी. जमिनीवरच्या लाइनीचं जे काही शास्त्र आहे ते पाइप बनवणाऱ्याने अर्धं लिहिलंय, उरलेलं म्हशीने. म्हशीला घाम गाईपेक्षा फार कमी येतो, त्यामुळे अंग निववायला तिला चिखल लागतो. जमिनीवर कुठेही ओल दिसली की ती प्रथम वास घेते, मग पाय रोवते, मग बसते आणि मग लोळते. थेंबभर गळतीचं अर्ध्या तासात डबकं करून दाखवण्याची ताकद कुठल्याही ठेकेदारात नाही. त्या डबक्यात बसलेल्या म्हशीच्या सडांना चिखल लागतो, कासदाह होतो, डॉक्टर येतो, औषध येतं, आणि एका ओ-रिंगचे पैसे वाचवल्याचा आनंद संपतो. उभ्या पाइपाला ती पाठ खाजवते. बॉल कॉकच्या गोळ्याशी तिचं काय वैर आहे ते कळत नाही. शिंगाने उचलते, खाली दाबते, पाण्याचा आवाज ऐकते आणि पुन्हा दाबते. भावोजींनी हौदात एक आडवी भिंत घातली, तळाशी भोक ठेवलं, बॉल कॉक पलीकडच्या कप्प्यात टाकून वर फरशी झाकली. हौदाभोवती दगड पसरले. त्यानंतर एक म्हैस त्या फरशीपाशी येऊन बराच वेळ उभी राहते. शोधत असते.

दुपारी काळ्या पाइपातलं पाणी इतकं तापतं की म्हशी तोंड लावून मागे सरतात. यावर ताईने शोध लावला: टाकी आंब्याखाली, हौद मोठा, आणि तो सकाळीच भरून ठेवायचा. पाइप दुपारी नुसता पडून राहील. इंजिनिअरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बरोबर आहे. त्यांना सुचलं नव्हतं हे ते म्हणाले नाहीत.

गळती थांबली. सगळे जॉइंट खडखडीत कोरडे. मग आठवड्याभरात नवीन भोकं पडायला लागली, जॉइंटवर नाही, भर पाइपात, दातांच्या खुणांसकट. खारी. इतके दिवस त्यांना प्रत्येक जोडाखाली थेंब थेंब मिळत होता. भावोजींनी तो बंद केला, तर त्यांनी स्वतःच कनेक्शन घेतली. ठिबक लावणाऱ्या शेतकऱ्यांना हे प्रकरण चांगलं ठाऊक आहे. उन्हाळ्यात खार नळीला दात लावते, कोल्हाही लावतो, पाण्याचा वास लागलेला असतो. शेजारचा गडी येऊन गेला तो वेगळाच: “तुमची लाइन बंद पडली का हो? आमच्या कोंबड्या तिथेच प्यायच्या.”

वागळे इस्टेटातल्या नगरसेवकाच्या कार्यालयातली तक्रारच ही. फक्त अर्जदार शेपटीवाले.

ताईने मातीचे परळ आणले आणि लाइनीच्या कडेने ठेवून त्यात पाणी भरायला लागली. खारींनी पाइप सोडला. बुलबुल आले, कोंबड्या परत आल्या, शेजाऱ्याशी बोलणं सुरू झालं. अडचण एवढीच की परळ उन्हात दुपारपर्यंत आटायचे आणि ते भरायचं काम ताईने भावोजींवर सोपवलं. चारशे मीटर, चढावर, हातात बादली घेऊन. ज्या हेलपाट्यासाठी लाइन टाकली तोच हेलपाटा, आता खारींसाठी.

तेव्हा भावोजी पुन्हा वागळ्यात आले. शेठच्या दुकानात जरा बाजूला होऊन, आवाज उतरवून म्हणाले, “शेठ, असं काही मिळेल का, जे लाइनीला लावलं की थोडं थोडं गळत राहील?”

फिटर काकांनी चष्मा कपाळावर घेतला. सगळी हयात गळती बंद करण्यात गेलेला माणूस. त्यांना बसायला स्टूल द्यावं लागलं.

शेठ मात्र जागचे हलले नाहीत. मागच्या खणातून मूठभर काळ्या बटणांएवढी वस्तू काढून काउंटरवर ओतली. ठिबकचे ड्रिपर. “ताशी दोन लिटर, चार लिटर, आठ लिटर. कुठली गळती देऊ?”

इंजिनिअर दळणाचा डबा घेऊन तिथेच होते. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. ताशी चार लिटर म्हणजे दिवसाला शहाण्णव. सेकंदाला एक थेंब गळणारा जॉइंट दिवसाला सव्वाचार लिटर गाळत होता.

“म्हणजे जी बंद केली,” भावोजी म्हणाले, “तिच्या बावीस पट?”

“हां, पण ती फुकटची होती,” शेठ म्हणाले. “ही आयएसआय आहे. डझन घ्या, क्लॅम्प लागत नाही.”